नागपुरातल्या डिलिव्हरी मॅनेजरांना खुलं पत्र: अ‍ॅजाइल पाहिजे ना, मग त्याचे पैसेही मोजा

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

तुम्ही मिहानमध्ये बसत असा, गायत्री नगरच्या आयटी पार्कात असा, नाहीतर धरमपेठेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये पंधरा-वीस पोरं घेऊन कंपनी चालवत असा, हे पत्र तुम्हालाच आहे. मी टेस्टिंगमध्ये काम करते, आधी पुण्यात होते आता नागपुरात, आणि "आमच्याकडे फुल अ‍ॅजाइल आहे" (म्हणजे सॉफ्टवेअर एकदम न बनवता छोट्या छोट्या टप्प्यांत बनवायचं, दाखवायचं, बदलत जायचं) हे इतक्या इंटरव्ह्यूत ऐकलंय की आता मी उलट एकच प्रश्न विचारते, शेवटची रिलीज कधी झाली? उत्तर येतं, मार्चमध्ये झाली, पुढची दिवाळीच्या आसपास. आणि स्प्रिंट? स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरलेला टप्पा, दोन आठवड्यांची! मग दर दोन आठवड्यांनी जे "डन" होतं ते नेमकं कुठं जाऊन बसतं, हे कोणीच सांगत नाही.

संध्याकाळी आयटी पार्कच्या रस्त्यावर ठेल्यांपाशी उभं राहिलं की दोन पार्ट्या भेटतात. एक तुमची. अ‍ॅजाइल केलं की काम लवकर होतं, क्लायंट कधीही काहीही बदलू शकतो, डॉक्युमेंटची कटकट नाही, लांबलचक प्लॅनिंग नाही. दुसरी पोरांची, म्हणजे अ‍ॅजाइल म्हणजे रोजची हजेरी, जिराची (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) गुलामी, आणि "काहून करून राहिलो बे आपण हे सगळं" असा एकूण सूर. मला दोन्ही पटत नाही. पण पत्र तुम्हाला लिहितेय कारण पोरांचा गैरसमज तुमच्या गैरसमजातूनच पैदा झालाय, त्यांनी अ‍ॅजाइल म्हणून जे बघितलं ते तुम्ही दाखवलेलंच बघितलं.

माझं म्हणणं साधं आहे. अ‍ॅजाइल हा सौदा आहे. क्लायंटला मधेच विचार बदलता यावा आणि त्यानं टीम मोडू नये, यासाठी काही गोष्टींवर आधीपासून आणि सतत खर्च करावा लागतो. तुम्ही सौद्यातला बदल तेवढा उचलला आणि खर्चाचा भाग परत पाठवून दिला, आणि आता माल खराब निघाला म्हणून कंपनीत सगळे एकमेकांकडे बघतायत.

थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी सतरा जण जमले, केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलँड वगैरे. ही सगळी कोड लिहिणारी नाहीतर कोड लिहिणाऱ्यांबरोबर काम करणारी माणसं, आणि प्रत्येकाची स्वतःची वेगळी पद्धत होती, कोणाची स्क्रम (स्प्रिंट आणि ठरलेल्या मीटिंगांची चौकट), कोणाची एक्सपी (एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, कोड लिहिण्याच्या शिस्तीवर भर). त्यांनी मिळून जो जाहीरनामा काढला तो मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावतो, चार वाक्यं, प्रत्येकात डावीकडची गोष्ट उजवीकडच्या गोष्टीपेक्षा महत्त्वाची असं म्हटलेलं, आणि त्याच्या मागे बारा तत्त्वं. त्यात स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) नाही, स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) नाही, बर्नडाउन (उरलेल्या कामाचा चार्ट) नाही, जिरा तर नाहीच नाही. आणि चार वाक्यांखाली जी एक ओळ आहे ती आपल्याकडे कोणी वाचतच नाही, की उजव्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहे, आम्ही डाव्या बाजूला जास्त किंमत देतो इतकंच. उजव्या बाजूला काय आहे? डॉक्युमेंटेशन, प्लॅन, करार, प्रोसेस आणि टूल्स. म्हणजे डॉक्युमेंट लिहू नका असं त्या सतरा जणांपैकी एकानंही म्हटलेलं नाही. ते आपल्याकडेच कोणीतरी म्हटलं, आणि ते इतकं सोयीचं होतं की सगळ्यांनी लगेच मान्य केलं. त्याचा परिणाम म्हणजे नवीन जॉइन झालेलं पोरगं पहिला महिना "हे कोणाला विचारू" एवढंच विचारत मजल्यावर फिरतं, आणि ज्याला माहीत होतं त्यानं नेमका मागच्याच महिन्यात पेपर टाकलेला असतो.

जाता जाता वॉटरफॉलचंही (आधी सगळं प्लॅनिंग, मग सगळा कोड, शेवटी टेस्टिंग अशी पद्धत) सांगते, कारण ट्रेनिंगमध्ये त्याला खलनायक करून टाकलाय. ज्या पेपरमधली आकृती सगळे दाखवतात तो विन्स्टन रॉइसचा १९७० चा, आणि त्यातच त्या माणसानं लिहिलंय की असं एकामागून एक सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे, टेस्टिंग शेवटी आलं की तिथं सगळं फुटतं. वॉटरफॉल हा शब्दही त्यात नाही. ज्यानं धोका सांगितला त्याच्याच नावावर धोका चिकटवला. अ‍ॅजाइलचंही आता तेच होऊन राहिलंय.

बदल होतातच, हे मात्र मला कोणी शिकवायची गरज नाही, आपल्या देशात जीएसटी आला तेव्हा सगळ्यांनी बघितलंय. १ जुलै २०१७ ला चालू झाला तेव्हा कागदावर जीएसटीआर एक, दोन, तीन अशी रिटर्नची साखळी होती. काही महिन्यांतच दोन आणि तीन बाजूला पडले, आणि तात्पुरता म्हणून आलेला तीन-बी मात्र राहिला तो राहिलाच. आता समजा इतवारीतल्या होलसेलवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं सगळं स्पेसिफिकेशन आधीच फ्रीज करून जीएसटीआर दोन शेवटच्या बटणापर्यंत बनवून ठेवला असेल, तर त्याचे ते सगळे महिने पाण्यात. आणि ज्यानं आधी नुसतं बिल नीट निघेल एवढं करून दुकानात लावलं, मग पुढचं बघितलं, तो वाचला. ई-वे बिलाचं तर आणखी मजेशीर. १ फेब्रुवारी २०१८ ला सगळ्या देशात लागू करायचं ठरलं, त्याच दिवशी पोर्टल बसलं आणि तारीख पुढे ढकलावी लागली. मग १ एप्रिलपासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला लावलं, राज्यातल्या राज्यात टप्प्याटप्प्यानं आणलं, महाराष्ट्राचा नंबर मे मध्ये आला, आणि ते चाललं. अ‍ॅजाइलची बाजू मांडायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण नको. थोडं सोडा, बघा, मग पुढचं सोडा.

तिकडचं एक उदाहरण तुम्हाला आवडेल कारण त्यात पैशाचा आकडा आहे. एफबीआयनं केसच्या फाइल्स कॉम्प्युटरवर आणायला एक सिस्टीम करायला घेतली, व्हर्च्युअल केस फाइल, आणि २००५ मध्ये साधारण १७ कोटी डॉलर खर्चून ती सोडून दिली. मग सेंटिनेल नावानं नवीन सुरू केलं, तेही बाहेरच्या कंपनीकडे रखडलं, शेवटी २०१० मध्ये त्यांनी काम स्वतःच्या हातात घेतलं, टीम लहान केली, छोट्या छोट्या स्प्रिंटमध्ये काम केलं आणि २०१२ च्या जुलैत सिस्टीम चालू झाली. कॉन्फरन्समध्ये ही गोष्ट "बघा अ‍ॅजाइलची जादू" म्हणून सांगतात. मला नाही वाटत जादू. निर्णय घेणारे आणि काम करणारे एका जागी आले, मधले थर गेले, हे त्यातलं खरं औषध आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडे होत नाही.

आता माझ्या टेबलावर या. दोन आठवड्यांची स्प्रिंट, सोमवारी प्लॅनिंग, डेव्हलपर लोक कोडिंग करतात पहिला आठवडा आणि दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारपर्यंत, आणि बुधवारी संध्याकाळी सगळ्या स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे) एकदम "रेडी फॉर क्यूए" मध्ये, म्हणजे टेस्टिंगच्या रांगेत, येऊन पडतात. शुक्रवारी डेमो. म्हणजे टेस्टिंगला गुरुवार, आणि त्या गुरुवारी बिल्ड (चालवून बघता येईल असं तयार सॉफ्टवेअर) दुपारी दोनला मिळतो कारण सकाळी मर्ज कॉन्फ्लिक्ट होता, दोघांचे बदल एकमेकांत अडकले होते. बग सापडले की मलाच विचारतात, "हे आत्ताच काहून सापडलं?" अरे, मिळालंच आत्ता ना! हा रॉइसनं सांगितलेला धोकाच आहे, फक्त वर्षातून एकदा येणारा धोका आपण दर पंधरा दिवसांनी यायची सोय करून ठेवलीय.

यावर इलाज काय हे कोणापासून लपलेलं नाही. एक्सपी वाल्यांनी नव्वदच्या दशकातच, क्रायस्लरच्या पगाराच्या सिस्टीमवर काम करताना करून दाखवलं, की टेस्ट आधी लिहा, कोड दिवसातून अनेकदा एकत्र करा आणि प्रत्येक वेळी सगळ्या टेस्ट चालवा, दोघं मिळून कोड लिहा, कोड सतत साफ करत राहा. या गोष्टी केल्या तरच दर दोन आठवड्यांनी बदल झेपतो, कारण काल चालत होतं ते आजही चालतंय का हे मशीन दहा मिनिटांत सांगतं, मला रात्री अकरापर्यंत बसून हातानं सगळं रिग्रेशन, म्हणजे जुनं सगळं पुन्हा तपासणं, करावं लागत नाही. माझा मुद्दा इथंच आहे, आणि इथं मी जरा थांबून सांगणार आहे कारण सगळी गडबड इथंच होते. स्क्रममधल्या मीटिंगा उचलायला पैसे लागत नाहीत, कॅलेंडरवर इन्व्हाइट टाकला की झालं. एक्सपीतली इंजिनिअरिंग उचलायला पैसे लागतात, वेळ लागतो, पहिले काही महिने स्पीड कमी दिसतो, ऑटोमेशनला माणूस लागतो, बिल्डला चांगलं मशीन लागतं, आणि क्लायंटच्या बिलात ते "फीचर" म्हणून दिसत नाही. म्हणून आपण फुकटातलं घेतलं आणि महागातलं सोडलं, आणि मग म्हणतो अ‍ॅजाइल काही आपल्याकडे चालत नाही बुवा. टेक्निकल दर्जाकडे सतत लक्ष असेल तर चपळाई वाढते, हे त्या बारा तत्त्वांमध्येच लिहिलेलं आहे, मी माझ्या पदरचं काही सांगत नाहीये.

व्हेलॉसिटीबद्दल (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम झालं तो आकडा) थोडक्यात, कारण त्याबद्दल बोलायला लागले तर पत्र संपणार नाही. स्टोरी पॉइंट स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या मूळ पुस्तिकेत, नाहीत. उघडून बघा, २०२० ची आवृत्ती जेमतेम तेरा-चौदा पानांची आहे, मेट्रोनं सीताबर्डीहून खापरीला जाता जाता वाचून होते. पॉइंट एक्सपीकडून आले, आणि रॉन जेफ्रीज, जो त्या सतरा जणांपैकी एक, तो स्वतः म्हणतो की पॉइंट बहुधा मीच काढले आणि तसं असेल तर मला त्याचं वाईट वाटतं. ते होते टीमला स्वतःशी अंदाज बांधायला. तुम्ही त्याचा एक्सेल केला, दोन टीम्सची तुलना केली, अप्रेझलमध्ये घातला. मग काय, तीन पॉइंटची स्टोरी पाचची झाली, पाचची आठची, व्हेलॉसिटी वर चालली, चार्ट मस्त, क्लायंटला दाखवायला स्लाइड तयार, आणि काम तेवढंच. पोरं चोर नाहीत हो. मोजाल ते वाढणारच, कोणीही वाढवेल.

आणि त्याच्याच शेजारी कमिटमेंट. "तुम्ही कमिट केलं होतं" हे स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी ऐकलं नसेल असा नागपुरात एकही डेव्हलपर नसेल. स्क्रम गाइडमधून स्प्रिंटच्या कामासाठीचा कमिटमेंट शब्द २०११ मध्येच गेला, त्याजागी अंदाज आला. टीम अंदाज देते. तो चुकला तर का चुकला हे बघायचं असतं, शनिवारी बोलवायचं नसतं.

स्टँडअप पंधरा मिनिटांचा, आणि तो डेव्हलपर लोकांचा आपापसातला. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्नसुद्धा २०२० मध्ये गाइडमधून काढून टाकले. आपल्याकडचा स्टँडअप पाऊण तास चालतो, सगळे मॅनेजरकडे तोंड करून बोलतात, कॅमेरा ऑन ठेवायचा, आणि संध्याकाळी साडेसातला ऑनसाइटवाल्यांसोबत (क्लायंटकडे बसणारी टीम) तोच पुन्हा. मॅनेजर नसताना पोरं एकमेकांना जे पाच मिनिटांत सांगतात ना, "भाऊ तुझी एपीआय अजून चारशे चार देऊन राहिली", खरा स्टँडअप तो.

सपोर्ट प्रोजेक्टला स्प्रिंट लावणं हा एक वेगळाच प्रकार. तिकिटं यायची तेव्हा येतात, प्रॉडक्शन पडायचं तेव्हा पडतं, त्याचं सोमवारी प्लॅनिंग काय करणार? तिथं कानबान लावा, एका वेळी हातात किती कामं घ्यायची याला मर्यादा घाला, बास. आणि जिथं सगळं आधीच ठरलेलं आहे, एखादं डेटा मायग्रेशन आहे, कायद्यानं फॉरमॅट दिलेलाय, काही बदलणार नाही, तिथं सरळ यादी करून एकामागून एक काम करा, त्याला अ‍ॅजाइल म्हटलं नाही तर कोणी अटक करत नाही.

तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं बरोबर आहे पण आमच्या हातात काय आहे, करार सेल्सवाल्यांनी केलाय, फिक्स्ड बिड आहे, तारीख ठरलेली, किंमत ठरलेली, स्कोप ठरलेला. मला ते कळतं. तुमच्यावर किती बाजूंनी प्रेशर असतं ते मी लांबून का होईना पाहिलंय, आणि तुमच्यापैकी बरेच जण काल-परवापर्यंत आमच्याच रांगेत बसत होते. पण मग त्याला अ‍ॅजाइल म्हणू नका ना. तारीख, पैसे आणि काम तिन्ही बांधून टाकलं की हलायला एकच गोष्ट उरते, क्वालिटी, आणि ती गुपचूप हलते, कोणत्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही, दिसते ती वर्षभरानं, जेव्हा लॉगिनच्या पानावर एक फील्ड वाढवायला तीन आठवडे लागतात. तारीख बांधायची तर बांधा, पण मग स्कोप सैल ठेवा आणि सगळ्यात गरजेचं आधी करा. स्कोप बांधायचा तर तारीख सैल ठेवा. हे करारात लिहून घ्यायला कठीण आहे हे मान्य, पण क्लायंटला चेंज रिक्वेस्टची भांडणं आवडतात असंही नाही, त्याला विचारून तर बघा.

आता वेगाबद्दल. आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. बहार धरायला झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, पानं जरा मलूल होतात, मग ताण तोडून खतपाणी दिलं की फूल येतं. पण ताण किती दिवस द्यायचा हे जमीन बघून ठरतं, आणि एकाच झाडावर आंबिया बहार पण घेतो आणि मृग पण घेतो म्हणणाऱ्याच्या बागेत काही वर्षांत सल वाढते, फांद्या वाळतात, मग तो कलमाला दोष देतो. स्प्रिंट संपते शुक्रवारी आणि पुढची सुरू होते सोमवारी, मधे काही नाही, उरलेल्या स्टोऱ्या पुढे ढकललेल्या, त्यात नवीन भरलेल्या, रेट्रो (स्प्रिंट कशी गेली यावर टीमची चर्चा) रद्द कारण डेमो लांबला. त्या बारा तत्त्वांत एक आहे की हा वेग सगळ्यांना कायम टिकवता आला पाहिजे. एक्सपीत तर आठवड्याला ४० तास हा नियमच होता. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत वर्धा रोडवरून घरी जाऊन पुन्हा रात्री नऊला कॉल घेणाऱ्या पोराला हे तत्त्व कोणी सांगितलंय का? त्याला फक्त स्प्रिंटचा अर्थ माहीत आहे, धावा.

आणि पोरांनो, तुम्हीही वाचत असाल तर ऐका. "अ‍ॅजाइल मेलं" हे डेव्ह थॉमसनं २०१४ मध्येच लिहिलं, तो पण त्या सतरा जणांतलाच, पण त्याचं म्हणणं असं होतं की त्या नावाचा धंदा झालाय, मूळ गोष्ट धरा, एक छोटं पाऊल टाका, काय झालं ते बघा, सुधारा. त्यानं सहा-सहा महिने स्पेसिफिकेशन लिहीत बसा असं नाही म्हटलं. आणि टेस्ट लिहायला वेळच मिळत नाही म्हणता ते अर्धं खरं आहे, अर्धं नाही, मी तुमचे पुल रिक्वेस्ट (तपासायला पाठवलेला कोड) बघते.

तर सर, मॅडम, मला तुमच्याकडून नवीन टूल नको, सर्टिफिकेशन नको, बाहेरून कोच तर मुळीच बोलावू नका. पुढच्या प्लॅनिंगला स्प्रिंटमध्ये किती काम बसतं हे टीमला ठरवू द्या आणि त्या आकड्यावर घासाघीस करू नका. टेस्ट झाल्याशिवाय आणि निदान स्टेजिंगवर (खऱ्यासारख्या चाचणीच्या सर्व्हरवर) गेल्याशिवाय स्टोरी डन धरू नका, भले त्या महिन्याचा चार्ट घाण दिसो. व्हेलॉसिटी अप्रेझलमधून काढा. आणि रेट्रोमध्ये टीम जे म्हणते त्यातली एक गोष्ट, समजा बिल्ड ऑटोमॅटिक करायची आहे, ती पुढच्या बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) सगळ्यात वर टाका, बाकीच्या स्टोऱ्यांसारखीच, आणि तिच्यासाठी जागा करायला क्लायंटची एक स्टोरी बाहेर काढा. ती का काढली हे सांगायला क्लायंटला फोन तुम्ही करा, स्क्रम मास्टरला करायला लावू नका.

तुमच्याच मजल्यावरची एक टेस्टर,
नागपूर